आमच्या पडवीत घडवलेले महाराज

त्रिपुरी पौर्णिमेनंतरचा पहिला सोमवार. रक्कम रुपये एकशे एक: शंभराची एक नोट आणि वर एक नाणं. हजर चौघे: मी, माझी बायको, तिचे थोरले बंधू म्हणजे माझे मेहुणे, आणि रक्कम देणारे गावातले शेठ. जागा आमच्या घराची पडवी. मेहुण्यांचा उजवा पाय परातीत होता आणि परातीत कोमट मिठाचं पाणी होतं. शेठांनी पैसे परातीशेजारी ठेवले, दोन बोटं त्या पाण्यात बुडवली आणि डोळ्यांना लावली.

"अहो, मीठ आहे त्यात," माझी बायको म्हणाली.

"कललं, ताई," शेठ डोळे चोळत म्हणाले. "झोंबलं." आणि समाधानानं हसले.

एवढंच घडलं. पुढे समितीच्या पत्रकात या प्रसंगाला 'प्रथम पाद्यपूजन' असं नाव मिळालं आणि परात चांदीची झाली. ती ॲल्युमिनियमची होती आणि तिला एका बाजूला पोचा होता.

मेहुणे तळा गावचे. घरी थोडी भातशेती, आणि नोकरी बसस्थानकावर नियंत्रकाची. म्हणजे खिडकीत बसायचं आणि गाडी कधी लागणार ते लोकांना सांगायचं. त्यांची सगळी नोकरी त्या खिडकीत गेली. घाटात दरड पडलेली असो की गाडी आगारातून निघालीच नसो, खिडकीपुढच्या चिडलेल्या माणसाला दोन शब्दांत परत पाठवायचं, हे त्यांचं खरं काम. "येईल. बसून घ्या." गाडी येणार की नाही हे त्यांना बहुधा ठाऊक नसायचं. पण आवाज असा, की माणूस बसून घ्यायचा.

निवृत्तीनंतर त्यांच्या पायाचा अंगठा सुजला. डॉक्टरांनी युरिक ॲसिड सांगितलं आणि मासे-मटण कायमचं बंद केलं. डॉक्टर अलिबागचे, तळ्याहून येणं-जाणं लांबचं, म्हणून महिनाभर ते आमच्याकडे राहायला आले. आमचं गाव रेवस आणि मांडव्याच्या मधलं. मिठाच्या पाण्याचा शेक हा माझ्या बायकोचा उपाय, डॉक्टरांचा नव्हे.

आता आमच्या गावात मासे न खाणारा माणूस म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत, श्रावण पाळणारेही आहेत. पण ते बाकीच्या वारी खातात. अंगात येतं तो भगतही खातो, उतरल्यावर आधी तेच मागतो. ज्याच्यापुढे ताजी सुरमई आहे, वार रविवार आहे, माणूस दिसायला धडधाकट आहे आणि तरी तो हात मागे घेतो, अशा माणसासाठी आमच्याकडे शब्दच नव्हता. देशावर त्याला कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

त्या सोमवारच्या आदल्या दिवशी शेठांच्या पुतण्याची हळद होती. शेठांचे डंपर आहेत, जमिनीचे व्यवहार आहेत. गावातलं पान त्यांना विचारून हलतं. आम्ही जेवायला बसलो. मेहुण्यांच्या पानात तळलेली सुरमई पडली. दिसायला नको म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले. वास काही थांबवता येईना. त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. ते कशाचं होतं हे मला पक्कं माहीत आहे, कारण त्याच वेळी ते माझ्याकडे न वळता पुटपुटले, "भावोजी, कोकमाचं आगळ लावून तळलीय का हो?"

समोरून शेठ पाहत होते. "पावनं, घ्या की."

"नको."

"मटन?"

"नको. सोडलं."

"कवापासून?"

"आता कायमचंच," मेहुणे डोळे न उघडता म्हणाले.

शेठांनी हातातला घास खाली ठेवला. मग पानावर वाकून हळूच म्हणाले, "माझा एन.ए.चा कागद चौदा म्हयने अडकलाय. येल का तो?"

मेहुण्यांचे डोळे मिटलेले, मन सुरमईत. तोंडातून सवयीनं निघालं, "येईल. बसून घ्या."

शेठ बसलेलेच होते. तरी ते पाट बाजूला सारून जमिनीवर बसले.

सोमवारी सकाळी कागद आला. त्यावरची सही शुक्रवारची होती. तारीख मी स्वतः वाचली आणि शेठांना दाखवली. "म्हंजे बोलायच्या आधीच करून टाकलं व्हतं त्यांनी," शेठ म्हणाले. मी कागद घडी घालून परत दिला, आणि ते एकशे एक रुपये घेऊन आमच्या पडवीकडे निघाले.

पुढच्या सोमवारी अकरा माणसं आली, त्याच्या पुढच्या सोमवारी चाळीसेक. मेहुणे प्रत्येकाला तेच सांगत. ज्यांचं काम झालं ते गावभर सांगत. ज्यांचं झालं नाही ते पडवीत बसून असत, आणि इतके लोक बसलेले पाहून रस्त्यावरचे आत येत. खिडकीतला माणूस खोटा ठरायची सोयच नव्हती. हे गणित मी बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "चहाची साखर संपलीय, त्याचं गणित सांगा."

पौषात समिती झाली. अध्यक्ष अर्थात शेठ. पहिल्या बैठकीचा विषय महाराजांचा रंग. भगवा नको, तो पलीकडच्या गावच्या महाराजांचा. पांढरा पुढाऱ्यांचा. निळ्यावरून वाद नको. शेवटी हळदी ठरला. हे सगळं मेहुण्यांच्या समोर, ते चहा पीत असताना चाललं होतं, म्हशीचा व्यवहार म्हशीसमोर चालतो तसं. ठरल्यावर त्यांना विचारलं.

"टेरिकॉट नको," मेहुणे म्हणाले, "घाम येतो."

'महाराज सुताखेरीज काही अंगाला लावत नाहीत' असं पत्रकात आलं. त्याच पत्रकात त्यांचं वय चौऱ्याऐंशी होतं. खरं एकसष्ट. "चौऱ्याऐंशीच्या मानानं बघा कसलं तेज हाय," लोक म्हणत, आणि ते बरोबरच होतं. चौऱ्याऐंशीच्या मानानं ते फारच तरुण दिसत होते. बालब्रह्मचारी हा शब्द कोणी घातला ते कळलं नाही. तो मजकूर चार जणांनी वाचून पास केला होता आणि चौघांनाही तो दुसऱ्यानं घातलाय असं वाटत होतं.

मुंबईची मंडळी बोटीनं मांडव्याला उतरून येऊ लागली. त्यांची शेवटची बोट चुकू नये म्हणून आरती अलीकडे घेतली. आरतीची ती वेळ महाराजांना ध्यानात दिसली, असं पुढे सांगण्यात आलं. वेळापत्रकाबद्दल मेहुण्यांना अजून आस्था होती. बोट किती वाजता सुटते ते त्यांनीच समितीला विचारून घेतलं होतं.

मेहुण्यांनी विरोध केला नाही असं नाही. एका सोमवारी ते उठून उभे राहिले आणि भर सभेत म्हणाले, "मंडळी, मी साधा माणूस आहे. मला युरिक ॲसिड आहे म्हणून मासे सोडलेत. दुसरं काही नाही."

लोकांनी शेठांकडे पाहिलं. मग शेठ उठले आणि त्यांनी उलगडून सांगितलं, "लोकांच्या अंगातलं आम्ल म्हाराज सोताच्या अंगात घेत्यात." पुढच्या सोमवारी जळजळ आणि आंबट ढेकरांचे रुग्ण आले. अंगठा एव्हाना उतरला होता, पण परात बंद करता येईना. परातीतलं पाणी बाटल्यांतून जात होतं.

आणि हेही लिहायला हवं, की हळूहळू मेहुण्यांना ते सगळं रुचू लागलं. तळ्यात त्यांचं बोलणं घरात कोणी ऐकत नसे. इथे ते खोकले तरी चार जण पुढे सरकत. एका सोमवारी किनाऱ्यावर बैलगाड्यांच्या शर्यती होत्या, पडवी अर्धी रिकामी. संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "आज लोक कमी होते का हो, भावोजी?"

"सव्वीस," मी म्हणालो.

"मला अठ्ठावीस वाटले," ते म्हणाले, आणि जेवताना नीट बोलले नाहीत.

महिन्यासाठी आलेला माणूस तिसरा महिना राहत होता. आणि माघात त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न होतं.

लग्न तळ्यात, रविवारी, दिवाळीच्या आधीच ठरलेलं. समितीनं महाराजांचा प्रकटदिन नेमका तोच रविवार धरला, कारण सोमवारी सुट्टी होती आणि मुंबईकरांना दोन दिवस मिळत होते. मेहुण्यांनी शेठांना बोलावून सांगितलं, की मला मुलीच्या लग्नाला जायचंय. शेठांनी कानावर हात ठेवले. "म्हाराज, तुमाला मुलगी कुटली? पत्रक छापून झालंय."

"अहो, पण आहे मुलगी."

"असूं द्या. पत्रकात न्हाय."

वहिनी, म्हणजे मेहुण्यांच्या पत्नी, रोज फोन करत होत्या. शेवटी त्या स्वतःच आल्या. वार नेमका सोमवार. दारात सेवेकरी बाईनं त्यांच्या हातात त्रेसष्ट नंबरचं टोकन ठेवलं. ही घरची माणसं आहेत हे सांगायला मी पुढे झालो, तर बाई म्हणाली, "सगळी म्हाराजांचीच मानसं." मग वहिनींना तिनं विचारलं, "काय अडलंय, मावशी?"

"नवरा अडलाय," वहिनी म्हणाल्या.

"येईल. बसून घ्या."

वहिनी बसल्या. त्रेसष्टावा नंबर आल्यावर नवऱ्यासमोर गेल्या. हळदी कफनी वरून खालपर्यंत पाहिली आणि म्हणाल्या, "पत्रिका वाटायच्या राहिल्यात. अक्षता तुमच्या हातून पडणार का माझ्या एकटीच्या? ते सांगा, म्हणजे मी सुटले." मागून चौसष्टावा नंबर ढकलत होता.

दुपारी आतल्या खोलीत ते माझ्यासमोर रडले. या वेळी सुरमई नव्हती. "भावोजी, कन्यादानाला बाप नाही म्हटल्यावर सासरचे काय म्हणतील पोरीला? जन्मभर ऐकावं लागेल तिला. मला यातून काढा."

"तुम्ही उठून चालू लागा," मी म्हणालो. "तुम्हाला कोणी बांधलेलं नाही."

"तुम्ही त्यांच्याकडे बघितलंय का? मी संडासला उठलो तरी दहा जण उठतात."

मग त्यांनी स्वतःच उपाय काढला. ज्या कारणानं महाराज झालो तेच मोडायचं. वार सोमवार, वेळ आरतीनंतरची, पडवी भरलेली. माझ्या बायकोनं बोंबील तळले. ताट आणून त्यांच्यापुढे ठेवलं. मेहुण्यांनी सगळ्यांच्या देखत एक बोंबील खाल्ला, मग दुसरा, मग तिसरा. तिसऱ्याला त्यांचा उद्देश काय होता याबद्दल मला शंका आहे.

कोणी हललं नाही. मला वाटलं, आता उठतील, शिव्या देतील, परात फेकतील. मेहुण्यांनाही तेच वाटत असावं. ते ताट धरून वाट पाहत होते. मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी डोळ्याला पदर लावून म्हणाली, "आपल्यापायी बाटलं गो म्हाराज. आपल्यासारखं झालं."

शेठ उठले. माणूस हुशार, एक क्षण वाया घालवला नाही. "आजपासून सोमवार सुटला," त्यांनी जाहीर केलं.

इतका आनंद त्या पडवीत मी कधी पाहिला नव्हता. खरं तर महाराजांनी सोडले म्हणून समितीतल्या कित्येकांनी घरी मासे बंद केले होते आणि ते मनातून वैतागले होते. न खाणाऱ्या महाराजांपेक्षा खाणारे महाराज त्यांना फार सोयीचे पडले. पुढच्या सोमवारी नैवेद्याला पापलेटं आली, कोलंबी आली, एकानं शेवंडही आणली. महाराजांनी नाही म्हटलं तर भक्त दुखावतात, म्हणून ते प्रत्येक ताटातलं थोडं थोडं खात. बुधवारी अंगठा टोमॅटोएवढा झाला आणि पाय पुन्हा परातीत गेला, या वेळी खऱ्या गरजेनं.

मार्ग वहिनींनी काढला. त्या लग्नाच्या आधीच्या आठवड्यात पुन्हा आल्या. या वेळी मागच्या दारानं आल्या आणि नवऱ्याला न भेटता शेठांना आमच्या स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. ही बाई कोण हे शेठांना पूर्ण ठाऊक होतं.

"शेठ, नवरा म्हणून पाठवू नका," वहिनी म्हणाल्या. "महाराज म्हणून पाठवा. गरीब बाईच्या मुलीच्या लग्नाला महाराज आशीर्वादाला येत नाहीत का?"

शेठांनी चहाची बशी खाली ठेवली. "तलं किती लांब?"

"गाडीनं अडीच तास," मी म्हणालो.

"गाड्या किती जात्याल वाडीपावतर?"

"रस्ता झालाय आता," वहिनी म्हणाल्या.

शेठ मनात चित्र मांडत होते, हे चेहऱ्यावर दिसत होतं. "फिरता प्रकटदिन," ते शेवटी म्हणाले. "या साली तल्याला. गरिबाच्या मांडवात. व्हय, शोभंल." मग जरा चाचरत, "मानसं जेवायला असत्याल, ताई."

"जेवतील की. लग्नघर आहे," वहिनी म्हणाल्या. किती माणसं, हे त्यांनी विचारलं नाही. मी विचारायला हवं होतं. पण काम होतंय या भरात मीही गप्प बसलो.

लग्नाच्या दिवशी मेहुणे स्वतःच्या मुलीच्या मांडवात एकवीस गाड्यांच्या रांगेत दुसऱ्या गाडीतून उतरले. पुढे बँड होता. तो वराचा आहे असं समजून मुलाकडचे लोक आधी बाहेर आले आणि हळदी कपड्यातला माणूस पाहून परत आत गेले. महाराजांसाठी समितीनं सोफा आणला होता. तो वधूवरांच्या मंचापेक्षा जरा उंच बसला.

मंगलाष्टकं झाली. गुरुजींनी विचारलं, "कन्यादानाला कोण बसणार?"

माझ्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं. आत्या आणि तिचे यजमान म्हणून आम्ही तयारीत होतो. तेवढ्यासाठी मी सोवळं नेसलो होतो. पण मेहुणे सोफ्यावरून उतरले. अंगठा दुखत होता, म्हणून लंगडत आले आणि पाटावर बसले. वहिनी शेजारी बसल्या. मुलीनं मान वर केली. "बाबा, पाय दुखतोय ना? सरळ ठेवा," एवढंच ती म्हणाली, आणि मेहुण्यांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे पाहिलं.

भक्तांत कुजबूज सुरू झाली. माझ्या शेजारच्या मुंबईच्या बाईंनी विचारलं, "महाराजांच्या बाजूला त्या कोण?"

"मुलीची आई," मी म्हणालो.

"आणि वडील?"

"ते काय, समोर. हळदी कपड्यातले."

बाईंनी हात जोडले. डोळे भरून आले त्यांचे. "खरंय," त्या म्हणाल्या. "असंच मानायला हवं आपण."

मी पुन्हा एकदा, जास्त स्पष्ट शब्दांत सांगितलं, की ते तिचे जन्मदाते वडील आहेत, मी त्यांचा मेहुणा आहे, आणि सरकारी कार्यालयात तिचा जन्माचा दाखला आहे. त्यांनी मलाही नमस्कार केला.

मुलीच्या हातावर पाणी सोडताना महाराज रडले, त्यामुळे भक्त रडले, आणि अनाथ मुलीचं कन्यादान महाराजांनी स्वतः केलं ही बातमी जेवणाच्या पंगतीपर्यंत पोचली तेव्हा तीन जण शेठांकडे आपापल्या मुलींची नावं लिहून देत होते. शेठांनी वैशाखातले मुहूर्त मागवले.

पाठवणी झाली. मुंबईकरांची बोट होती, गाड्या वळू लागल्या. आचारी मांडवात येऊन उभा राहिला. ठरली होती तेवढी पानं झाली, शिवाय वरची पानं एकशे चौदा, पानाला एकशे साठ.

"कोणाकडून घ्यायचे?" त्यानं विचारलं.

मेहुण्यांचा हात आपसूक खिशाकडे गेला. कफनीला खिसा नव्हता. समितीनं तशीच शिवून घेतली होती. त्यांनी दोन्ही बाजू चाचपल्या आणि शेठांकडे पाहिलं. शेठ फोनवर बोलत गाडीकडे चालले होते.

"आज राहता का?" वहिनींनी विचारलं. "घर उघडंबोडकं झालंय."

मेहुण्यांनी रिकाम्या मंचाकडे पाहिलं. मग म्हणाले, "उद्या सोमवार आहे गं. सुट्टीचा. लांबून येतील लोक."

ते लंगडत गेले. चालकानं दार उघडलं. कोणी त्यांचा हात धरला नाही, कोणी ढकललं नाही. ते आपले आपण आत बसले, आणि काच खाली करून त्यांनी हात वर केला. तो वहिनींसाठी होता की रस्त्यावर उभ्या लोकांसाठी, हे मला सांगता येणार नाही.

वहिनींनी कपाटातून दहा हजार आणले. राहिलेले आठ हजार दोनशे चाळीस मी घातले. आचाऱ्यानं पावतीसाठी नाव विचारलं. वहिनींनी नवऱ्याचं नाव, सासऱ्यांचं नाव आणि आडनाव, असं पुरतं सांगितलं, आणि आचाऱ्याला आडनाव नीट ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा सांगितलं. समितीत ते नाव कोणाला ठाऊक नाही. एकूण अठरा हजार दोनशे चाळीस रुपये, आचाऱ्याला, रोख.